श्वसनाचे विकार, भाग दुसरा

२ फेब्रुवारी, सोमवार

आज माझी तक्रार निवारण अधिकारी म्हणून नेमणूक झाली. नियमावलीच्या चौथ्या कलमात म्हटलंय की अधिकाऱ्याने स्वतःचं खाजगी टिपण ठेवावं, म्हणून ही वही. सव्वीस वर्षं मी या धर्म-महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळते आहे. नोंद केल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही, त्यामुळे हे कलम मला मुळीच जाचक नाही.

नेमणुकीत माझं कर्तृत्व काही नाही. अधिकारी स्त्री असावी, कायम नोकरीत असावी आणि पन्नाशीच्या पुढची असावी, असा वरून आदेश आला. या इमारतीत अशी मी एकटीच. प्राचार्यांनी मला बोलावलं, दार लावलं, मग काहीतरी आठवून पुन्हा उघडलं.

"बाई, त्या विषयाचं काम तुमच्याकडे देतोय."

"कोणत्या विषयाचं, सर?"

"नियमावलीत आहे त्या."

नियमावली आमच्या दोघांच्या मध्ये टेबलावरच होती. वर ठळक अक्षरांत 'लैंगिक गैरवर्तन : प्रतिबंध आणि तक्रार' असं छापलेलं. प्राचार्यांनी पेपरवेट उचलून नेमका पहिल्या शब्दावर ठेवला. "आपल्याकडे असलं काही नाही म्हणा," ते म्हणाले. "आपण सगळे एक कुटुंब आहोत."

मी म्हटलं, ग्रंथालयातही चोर नाहीत, तरी संध्याकाळी कुलूप मीच लावते. यावर ते हसले, पण मनापासून नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तक्रारपेटी बसली. जागा प्रार्थनागृहाच्या व्हरांड्यात, कारण तिथून सगळ्यांचं येणंजाणं असतं. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात. दर शुक्रवारी उघडायची.

पेटीपासून दोन पावलांवर प्रार्थनेची टोपली आहे. आमची इथली जुनी पद्धत : ज्याला ज्या गोष्टीसाठी प्रार्थना हवी, त्याने बिननावाची चिठ्ठी टोपलीत टाकायची. सोमवारी सकाळी पठणाचे सर सगळ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचतात आणि प्रत्येकीनंतर सगळं सभागृह "असंच होवो" म्हणतं. आईचा गुडघा, भावाची नोकरी, सोपा पेपर, असला मजकूर.

पेटीवरचा फलक मी स्वतः रंगवून घेतला होता. दुपारी पाहते तर पहिल्या दोन शब्दांवर खाकी कागदाची पट्टी. शिपाईमामांना विचारलं. म्हणाले, "प्राचार्य म्हणाले, पाहुणे येतात, वाचतात." आता फलकावर एवढंच उरलंय : तक्रार येथे टाकावी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

अध्यापकांसमोर त्या विषयावर चाळीस मिनिटं बोलले. हजर एकोणीस, जागे अकरा. इतिहासाचे सर माझ्याकडे बघायला लाजत होते, म्हणून सगळा वेळ त्यांनी पंख्याकडे बघितलं.

शेवटी पठणाच्या सरांनी आभार मानले. या माणसाबद्दल थोडं लिहायला हवं. पुस्तक मुदतीच्या आत परत करणारा या इमारतीत हा एकटाच. शिवाय ज्या पुस्तकाचं कव्हर फाटलेलं असेल त्याला स्वतःच्या हाताने खाकी कव्हर घालून आणतो, कोपरे असे दुमडलेले की मलाही जमू नयेत. आवाज तर असा, की सोमवारी नुसतं "आईचा गुडघा" म्हणाला तरी लोकांचे डोळे भरून येतात. ते म्हणाले, "असल्या विषयावर इतकं स्वच्छ बोलणं फक्त बाईंनाच जमू शकतं."

घरी आल्यावर हे वाक्य मी वहिनीला सांगितलं. जेवताना पुन्हा सांगितलं. वहिनी म्हणाली, "वन्सं, पहिल्यांदा सांगितलंत तेव्हाच कळलं होतं." दादा गेल्यापासून आम्ही दोघीच राहतो, ती घरी शिवणकाम करते आणि तिच्या जिभेलाही कात्रीइतकीच धार आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिल्यांदा पेटी उघडली. अकरा चिठ्ठ्या. नव्या पुस्तकांसाठी करते तशीच प्रत्येकीची दाखल नोंद केली : क्रमांक, तारीख, शाईचा रंग, कागदाचा आकार, घड्या किती, आणि मजकूर शब्दशः.

गळक्या नळाबद्दल दोन, गादीबद्दल एक, मिठाबद्दल एक. क्रमांक पाच : 'शूबाई ग्रंथालयात श्वास घेतला तरी शू करतात.' शूबाई म्हणजे मी. हे नाव मला ठाऊक नाही असा मुलींचा समज आहे. तक्रार माझ्याविरुद्धच असल्याने मी ती नियमानुसार प्राचार्यांकडे पाठवली.

उरलेल्या सहा चिठ्ठ्या तर तक्रारीच नाहीत. प्रार्थना आहेत. क्रमांक सहा, हिरवी शाई, सुरेख अक्षर : 'माझा श्वास लवकर सुधारू दे, म्हणजे वेगळ्या सरावाला जावं लागणार नाही.' क्रमांक सात : 'माझाही.' क्रमांक नऊ : 'पठणाच्या खोलीचं दार लाकूड फुगून लागेनासं होवो.' बाकीच्याही तशाच, कोणाचा श्वास पुरत नाही, कोणाला दुपारी एकटीला बोलावणं नको.

टोपली दोन पावलांवर असताना प्रार्थना पेटीत टाकायच्या म्हणजे कमाल झाली. वर्गात हुशार म्हणवणाऱ्या वीस-एकवीस वर्षांच्या मुली या. ग्रंथालयात पुस्तक भलत्या कपाटात सापडलं की मी त्यावर 'स्थान चुकले' असा शिक्का मारते. तोच सहाही चिठ्ठ्यांवर मारला आणि त्या व्यवस्थित टोपलीत नेऊन टाकल्या.

मात्र एका गोष्टीची काळजी वाटते. सहापैकी चौघींना श्वासाचा त्रास. इमारतीत धूळ फार आहे, हे मी प्राचार्यांना तीन वर्षं सांगते आहे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

वहिनीकडे गणवेशाचे चार नवे झगे शिवायला आले आहेत, आमच्याच कॉलेजच्या मुलींचे. चौघींनाही कंबरेच्या पुढच्या बाजूला आतून बकरम लावून हवंय. वहिनी म्हणते, "कॉलर ताठ राहावी म्हणून लावतात ते बकरम. पोटाला कशाला? वाकता तरी येईल का?" मी म्हटलं, फॅशन असेल. वहिनी म्हणाली, तीस वर्षं शिवतेय, अशी फॅशन बघितली नाही. पण मापं घेतली आणि वहीत तारीख टाकली. तारखेच्या बाबतीत तिने माझ्याकडून धडा घेतलाय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज वाचनाला मुद्दाम यादी घेऊन बसले. पठणाच्या सरांनी सतरा चिठ्ठ्या वाचल्या. माझ्या सहातली एकही नाही.

वाचन झाल्यावर विचारलं. ते म्हणाले, "चिठ्ठ्या फार झाल्या की काही पुढच्या आठवड्यावर ढकलतो." मागच्या सोमवारी त्यांनी एकतीस वाचल्या होत्या, मी मोजते. सतरा फार कशा? पण चारचौघांत हिशोब विचारणं बरं दिसलं नाही. नोंद पेन्सिलीने केली आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

श्वासाचा बंदोबस्त केला. शिपाईमामांकडून प्रार्थनागृहाचे सगळे पंखे पुसून घेतले. 'श्वसनाचे विकार, भाग पहिला' हे पुस्तक मागवलं. आणि वसतिगृहात डॉक्टरकाकांना बोलावून पठणाच्या वर्गातल्या सगळ्या मुलींची तपासणी करवली.

डॉक्टरकाका म्हणाले, "बाई, एकीलाही काही झालेलं नाही. या पोरी डोंगर चढून येतील. फक्त एक सांगतो. पोट तपासायचं म्हटलं की चार-पाच जणी दचकून भिंतीला टेकल्या. चाळीस वर्षांत असं पाहिलं नाही."

मी त्यांना हात जरा चोळून गरम करत जा म्हटलं. वय झालं की हात गार पडतात. ते माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पेटीत एकच चिठ्ठी, हिरव्या शाईची. 'कृपा करून आमच्या चिठ्ठ्या टोपलीत टाकू नका.'

मला वाईट वाटलं. इतक्या निगुतीने काम करायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं. तरी क्रमांक बारा म्हणून नोंद केली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पठणाचे सर ग्रंथालयात आले, पुस्तक पाच दिवस आधी परत. दोन कप चहाही पाठवायला सांगितला होता. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, हिरव्या शाईत लिहिणारी कोण असेल हो? अक्षरात अस्वस्थपणा दिसतो, तिच्यासाठी वेगळी प्रार्थना करावी म्हणतो.

हिरवी शाई वापरणारी साऱ्या कॉलेजात एकच. मी तिचं ग्रंथालयाचं कार्ड काढून दाखवलं. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवावं असं पाचवं कलम आहे, पण ते तक्रारीला. प्रार्थनेला कुठे लागू होतं?

"गुणी मुलगी आहे," ते म्हणाले, "पण मनाचे खेळ फार." चहा चांगला होता.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी फलकावर पदवीदान समारंभाच्या पठणाची यादी बदललेली. पहिलं नाव हिरव्या शाईचं होतं, ते खोडलेलं. पुढे कारण : श्वास अपुरा. शेजारीच दुसरा कागद, तिची प्रात्यक्षिक परीक्षा पठणाचे सर स्वतंत्रपणे पुन्हा घेतील.

अकराला ती ग्रंथालयात आली. हातात 'पुस्तक बाकी नाही' या दाखल्याचा फॉर्म. माझी सही झाल्याशिवाय कोणालाही कॉलेज सोडता येत नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, घरगुती. काळ्या शाईत.

मी म्हटलं, कपाटं तपासावी लागतात, उद्या ये. ती जायला वळली, मग थांबली.

"बाई, टोपलीत टाकण्याआधी तुम्ही त्या चिठ्ठ्या वाचल्या होत्या?"

"वाचल्या. शब्दशः उतरवून ठेवल्या आहेत."

"मग?" ती म्हणाली.

एवढंच.  प्रश्न काय होता, तेच मला कळलं नाही.

संध्याकाळी वहिनी मशीनवर बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, जरा कुरकुरतच. ती म्हणाली, "त्या चिठ्ठ्या वाचा बघू पुन्हा." मी रजिस्टर उघडून वाचल्या. चौथ्या चिठ्ठीला मशीन थांबलं.

"वन्सं, पठणात श्वास कसा तपासतात हो?"

"पोटावर हात ठेवून. श्वास बेंबीपासून यायला हवा, असं ते म्हण..."

 वहिनी उठली, खुंटीवरचा झगा काढून आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. आतून हात फिरवला तर बकरम, पुठ्ठ्यासारखं कडक.

"चार होते, आता सात झालेत," वहिनी म्हणाली.

मी मूर्ख आहे. हे कोणी मला म्हटलं असतं तर मी पुरावा मागितला असता, आणि पुरावा माझ्याच हस्ताक्षरात अकरा दिवस माझ्या कपाटात होता. मुलींनी चिठ्ठ्या पेटीत टाकल्या कारण टोपली त्याच्या हातात जाते. आणि मी शिक्का मारून त्या त्याच्याच हातात दिल्या. वर कार्ड दाखवलं. चहाही प्यायले.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली, ती नोंद पूर्ण व्हावी म्हणून लिहिते. मला तो माणूस आवडत होता. शनिवारी तो येणार म्हणून मी केस नीट विंचरून जात असे. फार शरम वाटते आहे.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी उघडताच सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खोटी नोंद केली. हिरव्या शाईच्या कार्डावर एक पुस्तक चढवलं. नाव सुचेना. टेबलावर 'श्वसनाचे विकार, भाग पहिला' पडलं होतं, म्हणून भाग दुसरा लिहिलं. भाग दुसरा निघालेलाच नाही.

दहाला ती आली.

"एक पुस्तक बाकी दिसतंय," मी म्हटलं आणि कार्ड पुढे केलं. तिने वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं.

तिला आतल्या खोलीत नेलं. दार उघडं ठेवलं, दाराजवळची खुर्ची तिला दिली. हे सहावं कलम आहे आणि ते शहाण्या माणसाने लिहिलंय. वाचनकक्षात शिपाईमामांना बसवलं आणि कोणी आत आलं तर शू करायचे अधिकार दिले.

"मी दोन चुका केल्या," मी म्हटलं. रात्रीचं जेवण होईपर्यंत वहिनीसमोर याची तालीम केली होती. "तुमच्या चिठ्ठ्या टोपलीत टाकल्या. आणि तुझं कार्ड त्यांना दाखवलं. मी माफी मागते."

"असू दे, बाई" असं ती म्हणाली नाही. मला ते योग्यच वाटलं.

मग तिने सांगितलं. मी लिहून घेतलं. ते या वहीत उतरवत नाही. ते तिचं आहे, आणि जिथे लिहायला हवं तिथे लिहिलंय. फक्त एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही : "तक्रार लिहिता येत नव्हती बाई, हात धजत नव्हता. इथे आम्हाला प्रार्थनाच शिकवतात ना."

मी रजिस्टर तिच्यासमोर ठेवलं. प्रकाराच्या रकान्यात क्रमांक सहापुढे माझ्या अक्षरात 'प्रार्थना' लिहिलेलं होतं.

"हे वर्गीकरण मी केलंय," मी म्हटलं. "लिहिणारीला विचारलं नव्हतं. आता विचारते. प्रार्थना ठेवू की तक्रार करू?"

"तक्रार केली तर कुठे ठेवाल?"

"ज्या कपाटाची किल्ली फक्त माझ्याकडे आहे. आणि एक प्रत बाहेरच्या समितीकडे. तीन दिवसांत. इथलं कोणीही ती परत मागवू शकत नाही."

तिने क्रमांक सहाच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "लाल पेन द्या."

जाताना दारात थांबून ती म्हणाली, "बाई, ते पुस्तक मी कधी घेतलंच नव्हतं."

"माहीत आहे. नोंद खोटी आहे. फॉर्म हवा असेल तर या क्षणी सही करते."

तिने फॉर्म पिशवीत घातला. "नको," ती म्हणाली. "शोधते थोडे दिवस."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज पाचजणी आल्या, एकेक करून. सव्वीस वर्षांत माझ्या रजिस्टरला मी कोणाला बोट लावू दिलं नव्हतं. आज पाच मुलींनी त्यात लाल शाईने खाडाखोड केली आणि मी प्रत्येक खाडाखोडीवर आनंदाने सही केली. चौथीच्या वेळी पेन सुकलं. तिने ते झटकलं आणि थेंब माझ्या बाहीवर उडाला. मी शू केलं नाही.

क्रमांक सात ('माझाही') लिहिणारी जाताना घुटमळली. "बाई, ती शूबाईची चिठ्ठी पण माझीच होती. मागे घेऊ का?"

अकराव्या कलमानुसार दबावाखाली तक्रार मागे घेता येत नाही, असं मी तिला समजावलं. ती हसली. बाहेर जाऊन ती रडली असं शिपाईमामांनी सांगितलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्राचार्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. आधी ते म्हणाले, हा गैरसमज असेल. मग म्हणाले, मुली सहा आहेत हे खरं. मग खिडकीशी गेले.

"बाई, या प्रार्थना आहेत. देवाला लिहिलेल्या. समितीला त्या उघडण्याचा अधिकार काय?"

"लिहिणाऱ्यांनी वर्गीकरण बदललंय, सर. सह्या आहेत."

"आपण हे घरात मिटवू. पठणाचे सर एक आठवडा मौन पाळतील. मुली त्यांना क्षमा करतील. सगळ्यांसमोर, प्रार्थनेत. किती सुंदर होईल ते."

"मुलींना विचारलंत?"

ते खिडकीपासून परत टेबलाशी आले. मग मऊ आवाजात म्हणाले, "तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आली ना? शांतपणे पार पडावी असं मला फार वाटतं. हे कागद माझ्याकडे ठेवून जा. सोमवारी बघू."

"कागद सकाळी नऊ वाजताच पोस्टाने गेले, सर. पोचपावती इथे आहे. मी आधी पोस्टात गेले, मग तुमच्याकडे आले."

"आधी मला सांगायला हवं होतं."

"नियमावलीत तो क्रम दिलेला नाही," मी म्हटलं. पोचपावतीची घडी सरळ पडेना, म्हणून उठायला जरा वेळ लागला. माझ्या बसण्याला ते ठामपणा समजले असावेत.

९ मार्च, सोमवार

बाहेरची समिती आली. तिघे जण, अध्यक्ष एक बाई, चष्मा दोरीला बांधलेला. पठणाच्या सरांनी त्याच सुंदर आवाजात सांगितलं की अशा चिठ्ठ्या त्यांनी कधी पाहिल्याच नाहीत.

मग माझं रजिस्टर उघडलं. अध्यक्षबाईंनी वाचलं : क्रमांक सहा, हिरवी शाई, नऊ सेंटिमीटर बाय सहा, तीन घड्या, टोपलीत टाकल्याची वेळ चार वाजून दहा. त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "घड्याही मोजता?"

"तुम्ही मोजत नाही?" मी विचारलं.

वहिनीला कोणी बोलावलं नव्हतं. ती आपली मापांची वही आणि एका मुलीने तिच्या हवाली केलेला झगा घेऊन बाहेरच्या बाकावर सकाळपासून बसली होती. आत आल्यावर तिने झगा टेबलावर ठेवला. "हात लावून बघा," ती म्हणाली. "असे सात शिवलेत. तारखा वहीत आहेत. मी शिवणारी बाई आहे, मला भाषण येत नाही." अध्यक्षबाईंनी बकरम बोटांनी दाबून पाहिलं. मग वहिनीच्या वहीतल्या तारखा एकेक करून उतरवून घेतल्या.

संध्याकाळी आदेश आला. चौकशी पुरी होईपर्यंत पठणाच्या सरांनी आवारात यायचं नाही, मुलींच्या परीक्षा बाहेरचे परीक्षक घेतील, आणि पठणाच्या खोलीचं दार काढून टाकायचं. शिपाईमामांनी बिजागऱ्या तिथल्या तिथे खोलल्या. दार माझ्या परवानगीने जुन्या मासिकांच्या मागे उभं केलंय. क्रमांक नऊपुढे मी लिहिलं : निकाली.

चौकशी लांबेल म्हणतात. अध्यापक-खोलीत मी गेले की चहाचे कप वाजायचे थांबतात. इतिहासाचे सर मात्र आज पंख्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुमचं भाषण ऐकायला हवं होतं."

१४ मार्च, शनिवार

पदवीदान झालं. हिरव्या शाईने पठण केलं. मी मनगटावरचं घड्याळ बघत होते : सगळ्यात लांब ओळ एका श्वासात, सतरा सेकंद. श्वास अपुरा म्हणे. माझाच श्वास मध्ये दोनदा अडकला.

दुपारी त्या माणसाने घातलेली खाकी कव्हरं काढायला घेतली. तेवीस पुस्तकं. कोपरे खरंच छान दुमडलेले होते, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

१६ मार्च, सोमवार

चिठ्ठ्या वाचायला कोणी पुढे येईना, म्हणून प्राचार्यांनी मला उभं केलं. माझा आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे जात नाही. आयुष्य कुजबुजण्यात गेलंय. पहिली चिठ्ठी वाचली, मागे गलका. दुसरी वाचली, गलका. मग मागच्या रांगेतून कोणीतरी जोरात "शूऽ" केलं. सगळं सभागृह हसलं आणि मग एकदम चिडीचूप झालं. मी सगळ्या तेवीस चिठ्ठ्या वाचल्या, क्रमांकासकट.

२० मार्च, शुक्रवार

पेटीच्या फलकावरची पट्टी आज मी सर्वांसमक्ष ओली करून काढली. थोडा रंगही निघाला, पण शब्द वाचता येतात. प्राचार्य तिथून जात होते. थांबले, वाचलं, आणि पहिल्यांदाच तो शब्द तोंडाने उच्चारला, जरा अडखळत. मग म्हणाले, "अक्षर मोठं हवं होतं." नवा फलक करायला टाकलाय.

पेटीत तीन चिठ्ठ्या होत्या. एक नळाची. एक सफाईच्या ठेकेदाराबद्दल, खाली नावासकट, ती वाचून मी लगेच उठले आणि लिहिणारीला निरोप धाडला. ते काम सोमवारी सुरू होईल. तिसरी हिरव्या शाईत, दोन घड्या :

'श्वसनाचे विकार, भाग दुसरा, अजून सापडलेलं नाही. शोधते आहे. पुढचं, शेवटचं वर्ष पुरं होईपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती.'

प्रकाराच्या रकान्यात काय लिहावं, हे मला सुचलं नाही. तो मोकळा ठेवला. मग तिचं कार्ड काढलं आणि मुदतवाढीचा शिक्का मारला.